प्रयोगशाळेचं कुलूप काढा : संस्थाचालक आणि प्राचार्यांना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळ आणि प्राचार्य महोदय,

सादर नमस्कार.

मी आपल्या महाविद्यालयात एम.एस्सी. भाग २, भौतिकशास्त्राला शिकते. तिसरं सत्र सुरू आहे. १८ ऑगस्टला विभागाच्या सूचनाफलकावर चार ओळींचा एक कागद लागला. तिसऱ्या आणि चौथ्या सत्राचा संशोधन प्रकल्प यापुढे आठ-आठ विद्यार्थ्यांच्या गटात ‘संदर्भसाहित्यावर आधारित’ होईल, प्रयोगाचं काम बंद राहील, संशोधन प्रयोगशाळेची खोली स्पर्धा परीक्षा अभ्यासिकेला देण्यात येईल, विद्यार्थ्यांनी सहकार्य करावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीने पोहोचले तेव्हा त्या खोलीला नवं कुलूप होतं.

आम्ही दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही आलं नाही. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव मी लिहिलेलं नाही. ज्यांनी आम्हाला शिकवलं त्या शिक्षकांच्या नेमणुका दरवर्षी नव्याने होतात, माझ्या पत्रापायी त्यांच्यातल्या कुणाला त्रास व्हायला नको. आपल्याला हे पत्र कुणासाठी आहे ते कळेलच. आणि खान्देशातल्या दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयातल्या मुलांना हे आपलंच वाटलं, तर त्यांनीही ते आपल्या प्राचार्यांपुढे ठेवावं.

मी साक्री तालुक्यातली. घरी थोडी कपाशी, थोडा कांदा. मी प्राथमिक शाळेत असताना आमच्या तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. एसटीच्या खिडकीतून त्या निळसर पाट्यांच्या रांगा दिसायच्या आणि मला एकच प्रश्न पडायचा, ऊन तर आमच्या पत्र्यावरही पडतं, मग वीज तिथेच का होते? शाळेत उत्तर मिळालं नाही, बारावीतही पुरतं मिळालं नाही. ते समजायला बी.एस्सी.चं तिसरं वर्ष उजाडावं लागलं. त्या दिवशी मी ठरवलं की पुढे भौतिकशास्त्रच शिकायचं. घरात पदवीच्या पुढे गेलेली मी पहिली. पुण्याला जाण्याइतके पैसे नव्हते. माझ्या वर्गातल्या काही मैत्रिणींकडे पैसे असते तरी घरून परवानगी मिळाली नसती. आम्ही सोळा जण आहोत, त्यात अकरा मुली. आमच्यासाठी प्रयोगशाळा म्हणजे ही एकच खोली.

त्या खोलीत काय चालतं हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे, मला माहीत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

भाग १ ची परीक्षा संपल्यावर सरांनी विचारलं, प्रकल्पाची तयारी आधीच सुरू करायची आहे का? मी हो म्हटलं आणि सबंध मे महिना तिथे काढला. काम झिंक ऑक्साइडची पातळ फिल्म काचेवर चढवण्याचं. पद्धत अगदी स्वस्त आहे. एका बीकरमध्ये झिंक सल्फेटचं द्रावण घ्यायचं, त्यात अमोनिया घालत जायचं. आधी पांढरा साका येतो, आणखी अमोनिया घातला की तो विरघळून द्रावण पुन्हा नितळ होतं. दुसऱ्या बीकरमध्ये नव्वद अंशांच्या आसपास तापलेलं पाणी. धुतलेली काचेची स्लाईड वीस सेकंद पहिल्यात, वीस सेकंद दुसऱ्यात, असं चाळीस वेळा. मग वाळवून भट्टीत चारशे अंशांवर तासभर. आप्पांनी एकदा घरी विचारलं, “दिनभर काच पानीमा बुडावानी नि काढानी, हाई कसानं शिक्षन शे?” मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

पहिले तीन आठवडे माझी एकही फिल्म काचेला धरून राहिली नाही. पांढरी भुकटी साचायची आणि बोट लावलं की निघून यायची. मी स्लाईड पुन्हा पुन्हा धुतल्या, द्रावण बदललं, बुडवण्याचा वेळ बदलला, काही उपयोग झाला नाही. सर म्हणाले, “दिवसभरात काय काय बदलतं ते वहीत लिहीत जा, फक्त फिल्मकडे बघू नकोस.” लिहायला लागल्यावर दिसलं की सकाळी लवकर केलेल्या स्लाईड थोड्या तरी टिकतात, दुपारच्या मुळीच टिकत नाहीत. खोलीतला तापमापी दुपारी ४१ दाखवायचा. मी दर पाच बुडींनंतर द्रावण किती अल्कधर्मी आहे ते दाखवणारा पीएच पेपर लावून पाहिला. दुपारी पीएच भराभर उतरत होता. आमच्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात उघड्या बीकरमधून अमोनिया उडून जात होता. अमोनिया कमी झाला की जस्त द्रावणात धरून राहत नाही, काचेवर सावकाश बसण्याऐवजी बीकरमध्येच साका होऊन पडतं आणि तीच भुकटी फिल्मवर साचते. मी वाचलेल्या एकाही शोधनिबंधात हे नव्हतं. ते लिहिणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत बहुधा ४१ अंश नसावेत.

मग मी सकाळी सहाला काम सुरू केलं, बीकरला झाकण केलं, मधूनमधून मोजून अमोनिया घातला. फिल्म काचेला धरली. भट्टी चालू असताना दोनदा वीज गेली आणि दोन चांगल्या फिल्म तडकल्या, तरी शेवटी सहा हाती राहिल्या. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर त्यांचं प्रकाशशोषण मोजलं, आलेख काढला, त्याची सरळ रेघ खाली अक्षापर्यंत नेली. ऊर्जा-अंतर, म्हणजे पदार्थातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, आलं ३.२७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. पुस्तकात ते साधारण ३.३ दिलेलं असतं. तो आकडा मी कुठून उतरवून घेतला नव्हता, माझ्या हातून आला होता. त्या संध्याकाळी आप्पांना मी समजावून सांगू शकले, आणि त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला : मग दुपारी केलेल्या फिल्मचं आतलं काय बिघडतं? माझा प्रकल्प नेमका तोच होता. अमोनिया उडाल्याने फिल्ममधल्या स्फटिककणांचा आकार बदलतो का, हे मला एक्स-रे विवर्तनाने पाहायचं होतं. त्यासाठीच्या सहा फिल्म त्या कुलूपबंद खोलीत पडल्या आहेत.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार पदवीबद्दलच आहे. राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी रचना आली. तीत तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. प्रात्यक्षिक कामाच्या एका श्रेयांकाचे ३० तास धरले तर हे ३०० तास होतात. पहिल्या सत्रात आम्ही ४ श्रेयांकांचा ‘संशोधन पद्धती’ हा विषय शिकलो तोही याच्याच तयारीसाठी. चूक कशी मोजायची, नोंदवही कशी ठेवायची, एकच मोजमाप पुन्हा पुन्हा का घ्यायचं, हे वर्गात शिकवून आता ते करायची वेळ आली तेव्हा दार बंद झालं. गुणपत्रिकेवर ‘संशोधन प्रकल्प’ असं छापलेलं येणार आहे. त्या शब्दांखाली आमच्याकडे दाखवायला काय असेल?

दुसरी तक्रार या गटांची. सोळा जणांचे दोन गट, म्हणजे दोन विषय. ‘नॅनोपदार्थ आणि त्यांचे उपयोग’ आणि ‘सौरऊर्जा : एक आढावा’. यात प्रश्न कुठे आहे? कशाचं उत्तर शोधायचं आहे? महोदय, या प्रकल्पांचं पुढे काय होतं ते गावातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षांचे रिपोर्ट संगणकात तयार असतात. मुखपृष्ठावरची नावं बदलायची, काळं जाड बाइंडिंग करायचं, वर सोनेरी अक्षरं उमटवायची. आठ जणांत एक जण दुकानात जातो, सात जण सही करतात. तोंडी परीक्षेत दोन प्रश्न होतात. मी कुणाला दोष देत नाही, ज्याला काम करायला जागाच नाही त्याने आणखी काय करावं? पण आपण आम्हाला उतरवून काढायच्या वाटेवर ढकलता आहात, आणि तेही संशोधन या नावाखाली. मला हे सर्वांत जास्त लागलं आहे.

याचा फटका पुढे कसा बसतो, तेही सांगते. जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात. ज्यांना शिष्यवृत्ती मिळत नाही, फक्त प्रवेशाची पात्रता मिळते, त्यांच्यासाठी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. आमच्या दोन वर्षं पुढच्या एका ताईने मुलाखतीत काय झालं ते आम्हाला सांगितलं होतं. पाठ केलेलं कुणी विचारलंच नाही. तिच्या प्रकल्पातला एक आलेख समोर ठेवून विचारलं, “हे शिखर एवढं रुंद का आलं?” तिने तो नमुना स्वतः केला होता, म्हणून उत्तर देता आलं. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेली मुलंही थेट पीएच.डी.ला येऊ शकतात, आणि त्यांतल्या संशोधनासह ऑनर्स केलेल्यांकडे प्रकल्पाचं एक वर्ष आधीच असतं. त्यांच्या शेजारी आम्ही सोनेरी अक्षरांचा रिपोर्ट घेऊन बसायचं का?

तिसरी तक्रार शिक्षकांबद्दल, पण त्यांच्या बाजूने. आमच्या विभागातले बहुतेक शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. वर्गात घेतलेल्या तासाचा मोबदला मिळतो. प्रकल्पाच्या विद्यार्थ्यासोबत भट्टीपाशी घालवलेले तीन तास कुठेच धरले जात नाहीत. सबंध मे महिना आमचे सर फुकट येत होते, स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून. ‘मार्गदर्शक उपलब्ध नाहीत’ असं कारण आता तोंडी सांगितलं जातं. मार्गदर्शक आहेत, त्यांच्या कामाचा हिशेब नाही. पूर्णवेळ पदं भरणं सर्वस्वी आपल्या हातात नाही, हे मला समजतं. पण एम.एस्सी. विनाअनुदानित तत्त्वावर चालते, फी आमच्याकडून घेतली जाते आणि त्या पावतीवर प्रयोगशाळेचं शुल्क वेगळं लिहिलेलं आहे. ते शुल्क वर्गातल्या नेहमीच्या प्रयोगांपुरतंच आहे, असं कुणी आम्हाला प्रवेशाच्या वेळी सांगितलं नव्हतं.

चौथी तक्रार खोलीची. अभ्यासिकेला माझा मुळीच विरोध नाही. माझा सख्खा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो आणि घरात शांत कोपरा नसल्याने मंदिराच्या ओट्यावर वाचतो. त्याला अभ्यासिका मिळालीच पाहिजे. पण वाचायला टेबल, खुर्ची आणि दिवा लागतो, ते सगळं ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर आहे आणि तो मजला दुपारनंतर रिकामाच असतो. फिल्म करायला पाण्याचा नळ, सिंक, भट्टीचा भार सोसणारी वायरिंग आणि अमोनिया बाहेर टाकणारा पंखा लागतो, हे सगळं फक्त त्या एका खोलीत आहे. बहिणीची जागा काढून भावाला देण्याची गरज नव्हती, आम्हाला विचारलं असतं तर आम्हीच ही सोय सुचवली असती.

आणि उपकरणं. भट्टी आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर सध्या व्हरांड्यात ताडपत्रीखाली आहेत. पावसाळा चालू आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आत आरसे आणि प्रकाशाचे रंग वेगळे करणारं ग्रेटिंग असतं, त्यांच्यावर ओल आणि बुरशी बसली की ते यंत्र पुन्हा पूर्वीसारखं मोजत नाही. एवढं तरी आजच्या आज थांबवता येईल.

‘संशोधनातून नोकरी लागत नाही’ असं एका बैठकीत बोललं गेल्याचं ऐकलं. सोळांपैकी कदाचित दोघंच संशोधनात जातील. बाकीचे शाळेत शिकवतील, कुणी दीपनगरच्या औष्णिक केंद्रात, कुणी सौर प्रकल्पात लागेल. पण बिघडलेली गोष्ट का बिघडली हे तीन आठवडे चिकाटीने शोधणं, ही सवय त्यांना प्रत्येक ठिकाणी लागणार आहे. मला ती या खोलीत लागली.

आपल्या भागाला हे परकं नाही, हेही सांगितलं पाहिजे. चाळीसगावजवळच्या पाटणला आम्ही बी.एस्सी.ला असताना सहलीला गेलो होतो. तिथल्या शिलालेखात लिहिलं आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला उत्पन्न लावून दिलं. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला दिला, असं त्यात नोंदवलं आहे. गणित-ज्योतिषाच्या अभ्यासाचा खर्च गावच्या बाजारातून चालावा, अशी व्यवस्था होती ती. पुढे १९१६ मध्ये अमळनेरला उद्योगपती प्रतापशेठांनी तत्त्वज्ञानाची संस्था काढली. अभ्यासकांनी तिथे राहून काम करावं म्हणून त्यांना शिष्यवृत्ती दिली जाई, आणि पार कलकत्त्याहून कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे तत्त्वज्ञ अमळनेरात येऊन राहिले. दोन्ही ठिकाणी ज्यांच्या हाती पैसा आणि सत्ता होती त्यांनी विचारवंतांना जागा दिली. आमच्या संस्थेचे संस्थापकही त्याच वृत्तीचे होते असं आम्ही दर वर्धापनदिनाच्या भाषणात ऐकतो, आणि मी ते खरं मानते. म्हणूनच हे पत्र लिहायचं बळ आलं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. संशोधन प्रयोगशाळा त्याच खोलीत पुन्हा सुरू करा. उन्हाळ्यात ती सकाळी सहाला उघडी असावी. खोली घेणं अटळच असेल, तर आधी पाणी, सिंक, वायरिंग आणि एक्झॉस्ट असलेली दुसरी खोली तयार करा, मग ही घ्या.

२. प्रकल्प ज्याचा त्याचा स्वतंत्र ठेवा, फार तर दोघांचा मिळून. ज्यांना प्रयोगाऐवजी सैद्धांतिक किंवा संगणकावरचं काम करायचं आहे त्यांना ते करू द्या, पण तिथेही प्रत्येकाचा स्वतःचा प्रश्न असावा.

३. प्रकल्प मार्गदर्शनाचे तास शिक्षकांच्या तासिकांमध्ये धरा आणि त्यांचा मोबदला द्या.

४. एक्स-रे विवर्तनासारखी मोठी यंत्रं आपण विकत घ्यावीत, असं आम्ही म्हणत नाही. धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्यामार्गे इंदूर गाठता येतं. तिथे यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाचं वैज्ञानिक संशोधनासाठीचं संयुक्त केंद्र आहे आणि ते विद्यापीठांतल्या, महाविद्यालयांतल्या संशोधकांसाठीच आहे. देशभरातली उपकरणं इतरांना वापरू देण्यासाठी ‘आय-स्टेम’ हे सरकारी पोर्टलही आहे. प्रस्ताव आम्ही लिहू, नमुने आम्ही घेऊन जाऊ. आपल्याकडून पत्र आणि सही हवी आहे, आणि ती महिनाभर टेबलावर पडून राहू नये.

५. व्हरांड्यातली उपकरणं ताबडतोब कोरड्या खोलीत हलवा आणि चालू आहेत की नाही ते विभागातल्या शिक्षकांसमोर तपासा.

६. या निर्णयावर विभागातले शिक्षक आणि आम्ही सोळा जण यांच्याशी समोरासमोर बोला. १५ सप्टेंबरच्या आत लेखी उत्तर द्या. ते आलं नाही तर आम्ही विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आणि उच्च शिक्षण सहसंचालकांकडे रीतसर दाद मागू. घोषणा देणार नाही, गेटवर बसणार नाही. आमच्याकडे तेवढा वेळ नाही, डिसेंबरात परीक्षा आहे.

या सहाही गोष्टींवर चर्चा व्हायची तेव्हा होईल. एक विनंती मात्र त्याआधीची आहे. खोलीत डाव्या हाताच्या कपाटात काचेचा डेसिकेटर, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायचं झाकणाचं भांडं, आहे, त्यात माझ्या सहा फिल्म आहेत. त्याच्या तळाला ओल शोषून घेणारी सिलिका जेल असते. कोरडी असताना ती निळी दिसते, ओल धरली की गुलाबी होते. मग ती काढून ओव्हनमध्ये वाळवावी लागते, नाहीतर फिल्म खराब होतात. कुलूप लागलं त्या दिवशी ती अर्धी गुलाबी झालेली होती. शिपाईकाकांना सोबत पाठवा, हवं तर रजिस्टरवर सही घ्या, पण मला दहा मिनिटांसाठी किल्ली द्या.

आपली विद्यार्थिनी,
एम.एस्सी. भाग २, भौतिकशास्त्र